दोघांनी मिळून ज्येष्ठ नागरिक वसाहतीत राहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, तळेगाव, नाशिक, नेरळ या पट्ट्यात साठीच्या पुढच्यांसाठी बांधलेल्या वसाहतींची चौकशी करणारी बहुतेक जोडपी तीस-चाळीस वर्षे संसार केलेली असतात. ती चौकशी करतात दोघांची, पण एकाच माणसासारखी. प्रत्यक्षात दोघांचे वय, दुखणी, पेन्शन आणि झोपेच्या वेळासुद्धा वेगळ्या असतात. म्हणून इथले प्रत्येक उत्तर तीन स्थितींना लावून पाहा: दोघे धडधाकट, एक जण अंथरुणाला खिळलेला, आणि एकच मागे राहिलेला. वसाहतीची माहितीपत्रके पहिल्या स्थितीपाशीच थांबतात.

कोणत्या वयात जावे?

बहुतेक ठिकाणी दोघांपैकी एकाने ५५ किंवा ६० वर्षे पूर्ण केलेली असली की प्रवेश मिळतो. नियमाने कधी जाता येते यापेक्षा कधी जाण्यात अर्थ आहे, हे पाहा. दोघे स्वतःच्या पायाने जिने चढतात, नवी माणसे जोडायची उमेद आहे, तेव्हा गेलेले चांगले. म्हणजे साधारण ६५ ते ७२. पंचाहत्तरीनंतर, एखाद्या ऑपरेशननंतर घाईने गेलेल्या जोडप्याला वसाहत हॉस्पिटलच्या खोलीसारखी वाटते. शिवाय स्वतंत्र राहणाऱ्यांच्या बऱ्याच वसाहती प्रवेशाच्या वेळी दोघांची वैद्यकीय तपासणी मागतात. दोघांपैकी एकाला विस्मरणाचा आजार सुरू झालेला असेल, तर त्याच्यामुळे दुसऱ्यालाही प्रवेश नाकारला जातो.

हे वृद्धाश्रमच ना? की फ्लॅट विकत घ्यायचा?

व्यवहाराने तीन प्रकार पडतात.

पहिला मालकीचा. साध्या सोसायटीसारखा विक्री करार, नोंदणी, मुद्रांक शुल्क. पुण्यातल्या अथश्रीसारख्या प्रकल्पांमुळे हा प्रकार मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीचा झाला. घर तुमचे, पण ते विकताना किंवा भाड्याने देताना 'राहणारा ज्येष्ठच हवा' ही अट सहसा असते. त्यामुळे पुढे विकायला गिऱ्हाईक कमी मिळते आणि वेळ लागतो. मुलांना वारसाहक्काने घर मिळेल, पण त्यांना त्यात राहता येईलच असे नाही. ही अट करारात कोणत्या कलमात आहे ते शोधून दोघांनी आणि मुलांनीही वाचावे.

दुसरा डिपॉझिटचा. मोठी रक्कम ठेवायची, राहायचे, सोडताना ती परत. इथे तीन गोष्टी लेखी हव्यात: दरवर्षी किती टक्के वजावट होणार, सोडल्यापासून किती दिवसांत पैसे परत मिळणार, आणि खोलीला नवा रहिवासी मिळेपर्यंत परतावा अडवून ठेवता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला 'हो' असे उत्तर असेल तर ती रक्कम गरजेच्या वेळी हाताशी येणार नाही असे धरूनच चाला.

तिसरा महिन्याच्या भाड्याचा. हे बहुधा लीव्ह अँड लायसन्सवर चालते. महाराष्ट्रात असा करार नोंदवावाच लागतो. लायसन्स वारसाहक्काने पुढे जात नाही. करार फक्त नवऱ्याच्या नावावर असेल आणि तो गेला, तर पत्नीचा तिथे राहण्याचा हक्क मॅनेजमेंटच्या मर्जीवर येतो. करारात लायसन्सी म्हणून दोघांची नावे आणि दोघांच्या सह्या हव्यातच. 'बाईंचे नाव रहिवासी म्हणून टाकू' एवढ्यावर भागत नाही.

विकत घ्यायचे तर कोणाच्या नावावर?

महाराष्ट्रात निवासी घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ६० लाखांच्या घरावर ६० हजार वाचतात. नवऱ्याचे नाव सोबत जोडले की सवलत जाते. तरीही दोघांची नावे असण्याकडे आमचा कल आहे. मागे राहणाऱ्याला निदान अर्ध्या हिश्शासाठी कुणाच्या दारात जावे लागत नाही, आणि हॉस्पिटलच्या खर्चासाठी घर विकायची वेळ आली तर दोघांनाही विचारले जाते.

सहकारी संस्थेत नॉमिनी भरला म्हणजे झाले, हा समज मोडून काढा. नॉमिनी मालक होत नाही. कायदेशीर वारस ठरेपर्यंत संस्था त्याला तात्पुरता सभासद म्हणून घेते. एक मुलगा नॉमिनी आणि मृत्युपत्र नाही, अशी स्थिती असेल तर विधवा आईच्या घरावरून भावंडांत वाद व्हायला पुरेसा मसाला तयार असतो.

राहते घर विकून टाकावे का?

लगेच नाही. पहिले वर्ष ते बंद किंवा अकरा महिन्यांच्या भाडेकराराने ठेवा. वसाहतीत न रमलेली जोडपी सहसा पहिल्या आठ-दहा महिन्यांतच परत फिरतात. डिपॉझिटसाठी घर विकण्यावाचून इलाज नसेल, तर विक्रीनंतरही जुन्या घरात तीन-चार महिने राहता येईल असा करार करा. नव्या प्रकल्पात ताबा लांबतोच. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख आणि ती किती वेळा वाढवून घेतली हे पाहता येते.

दोघांचा महिन्याचा खर्च किती धरावा?

शहर आणि वसाहत पाहून आकडे बदलतील, पण हिशेबाची पद्धत बदलत नाही. उदाहरण म्हणून ४५ हजारांचे बजेट घेऊ: मेंटेनन्स १२ हजार, दोघांचे जेवण-नाश्ता १६ हजार, कामवाली आणि कपडे ४ हजार, औषधे-तपासण्या ८ हजार, वीज, फोन, रिक्षा, देणीघेणी ५ हजार.

आता हाच खर्च एकट्याचा मांडा. मेंटेनन्स तेवढाच राहतो, कामवालीही तेवढीच. जेवण ८, औषधे ४ आणि बाकी ३ हजार धरले तरी बेरीज ३१ हजार होते. माणूस अर्धा झाला, खर्च मात्र जवळजवळ ७० टक्के राहिला. उत्पन्नाचे उलट असते. सरकारी कुटुंबनिवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, म्हणजे ५० टक्क्यांनी मिळणाऱ्या पेन्शनच्या साठ टक्के. ईपीएस-९५ मध्ये (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत) विधवेला सभासदाच्या पेन्शनच्या निम्मे मिळते. बहुतेक कुटुंबांचे गणित ७० टक्के खर्च आणि ५०-६० टक्के पेन्शन यांच्या मधल्या फटीत कोसळते. ती फट आजच व्याजाच्या उत्पन्नाने भरून ठेवायची असते.

मेंटेनन्सबद्दल आणखी एक. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल आणि दर सभासदामागे आकारणी महिना ७,५०० रुपयांच्या वर गेली, तर १८ टक्के जीएसटी लागतो. सांगितलेला दर जीएसटी धरून की वगळून, ते विचारा. वाढीचा दरही विचारा: वर्षाला ७ टक्के वाढ म्हणजे दहा वर्षांत खर्च जवळजवळ दुप्पट. '७ टक्के' ऐकताना किरकोळ वाटते.

निवृत्तीची पुंजी दोघांत कशी वाटून ठेवावी?

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. मुदत ५ वर्षे, व्याज दर तिमाहीला हातात. संयुक्त खाते फक्त पती-पत्नीलाच काढता येते, पण रक्कम पहिल्या खातेदाराचीच धरली जाते. दोघे साठीच्या पुढचे असतील तर दोघांनी वेगवेगळी खाती काढावीत. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, दोघांचे मिळून महिन्याला ४१ हजार पडतात. दर सरकार तिमाहीला जाहीर करते, पण खाते उघडताना असलेला दर त्या पाच वर्षांपुरता पक्का राहतो.

इथे एक खाच आहे. खातेदार गेला तर संयुक्त खातेदार किंवा एकमेव नॉमिनी असलेल्या जोडीदाराला ते खाते मुदतीपर्यंत चालवता येते, पण त्याचे स्वतःचे या योजनेत दुसरे खाते नसेल तरच. असेल तर गेलेल्याचे खाते बंद करून रक्कम घ्यावी लागते. म्हणजे एकटेपणाच्या पहिल्याच महिन्यात तीस लाख कुठे ठेवायचे हा निर्णय अंगावर येतो, आणि नेमक्या अशाच वेळी ओळखीचा एजंट भेटायला येतो. तेव्हा ती रक्कम कुठे ठेवायची हे आताच एका कागदावर दोघांनी लिहून ठेवा.

बँकेतली खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणाही एकाची सही चालणारी) पद्धतीची ठेवा. 'जॉइंटली' लिहिले असेल तर एक जण आयसीयूत असताना दुसऱ्याची एकटी सही चालत नाही. ठेवींच्या पावत्यांवर ही सूचना खात्यापेक्षा वेगळी असू शकते, म्हणून प्रत्येक पावती काढून बघा.

वन बीएचके घ्यावा की टू बीएचके?

जोडप्याने शक्य असेल तर छोटा का होईना, टू बीएचके घ्यावा. कारण पाहुणे नव्हे. साठीनंतर एकाला नऊला झोप येते, दुसऱ्याला रात्री तीनदा उठावे लागते. एकाला पंखा हवा, दुसऱ्याला सोसत नाही. घोरणे आहेच. पुढे २४ तासांची आया ठेवायची वेळ आली तर ती झोपणार कुठे, हा प्रश्न वन बीएचकेमध्ये सुटत नाही. बजेट नसेल तर हॉलमध्ये दार लावता येईल असा कोपरा आणि दुसरी आंघोळीची सोय, निदान दुसरे कमोड, एवढे तरी पाहा.

घर बघायला जाताना नेमके काय मोजायचे?

टेप घेऊन जा. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांत दरवाजांची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, जिन्याची रुंदी १५०० मिलिमीटर, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत, अशा गोष्टी आहेत. जुन्या प्रकल्पात त्या नसतील, पण मापे हाताशी असली की फरक कळतो.

संडास-बाथरूमपासून सुरुवात करा, कारण पडझड तिथे होते. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत पडलेला माणूस दाराला टेकला तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी. चौकटीच्या आतली मोकळी रुंदी मोजा. व्हीलचेअरला साधारण ६५ सेंटिमीटर लागतात, वर चालवणाऱ्याच्या हातांना जागा. नेहमीच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचे दार त्याहून अरुंद निघते. कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर असली की गुडघेदुखीवाल्याला उठता येते. धरायचे दांडे भिंतीत बोल्टने बसवलेले हवेत, चोषकाने चिकटवलेले नकोत. भिंत सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या) ठोकळ्यांची असेल तर साधा प्लग अंगाचे वजन धरत नाही, लांब किंवा केमिकल अँकर लागतो. हे बसवणाऱ्याला सांगावे लागते, तो आपणहून सांगत नाही. मदतीच्या घंटेची दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत यायला हवी. बटण उभ्या माणसाच्या छातीपाशी बसवले तर खाली पडलेल्याला त्याचा काही उपयोग नाही.

सोलरचे पाणी असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी ते चटका बसेल इतके तापते. आधी थंड, मग गरम ही सवय लावा, किंवा तापमान ठरवून देणारा मिक्सर बसवून घ्या.

मग लिफ्ट. तीत स्ट्रेचर आडवे मावते का? त्यासाठी साधारण दोन मीटर खोली लागते. छोट्या लिफ्टमध्ये आजाऱ्याला खुर्चीत बसवून न्यावे लागते, आणि मांडीचे हाड मोडलेल्याला बसवणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. इमारतीत एकच लिफ्ट असेल तर ती बंद पडल्यावर किती तासांत माणूस येतो, जनरेटरवर चालते का, हे मॅनेजरला नव्हे, तिथे राहणाऱ्यांना विचारा.

जेवण कसे असते? घरचे बंद करावे का?

लेखी मेनूवर जाऊ नका, मंगळवारी दुपारी आणि रविवारी रात्री स्वतः जेवून बघा. रविवार रात्र हा मेसचा सर्वांत ढिला वेळ. भाजीला तेल किती, भात मऊ आहे का, भाकरी मिळते का, मधुमेहींसाठी वेगळे काही करतात की फक्त गोड वाढत नाहीत, हे दिसते. एकादशी-चतुर्थीला उपासाचे मिळते का, बाहेरगावी गेल्यावर पैसे वजा होतात का आणि किती दिवस आधी कळवावे लागते, हेही विचारून घ्या. मासळी खाणाऱ्या जोडप्याने आधी नियम वाचावा. काही वसाहतींत स्वतःच्या घरातही मांसाहार चालत नाही.

ओटा, गॅस, मिक्सर, एक कुकर घरी राहू द्या. चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईला मेसमुळे सुटका मिळते हे खरे, पण तिला स्वयंपाक कधी करायचा हे तिचे तिने ठरवावे. सकाळचा चहा-नाश्ता घरी आणि दोन जेवणे मेसमध्ये, ही रचना बहुतेकांना मानवते.

दोघे चोवीस तास एकमेकांसमोर. भांडणे वाढतात का?

वाढतात, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत. नोकरीमुळे दिवसाचे दहा तास आपोआप मिळणारी मोकळीक एकाएकी संपते, घर आधीच्या निम्म्याने लहान असते, आणि ज्याच्यावर वैतागून बाहेर पडायचे त्याच्याबरोबरच दाराबाहेर फेऱ्या मारायच्या असतात. उपाय साधे आहेत. फिरायची वेळ वेगळी ठेवा. निदान एक मंडळ दोघांचे वेगवेगळे असू द्या: एकाचा ब्रिज तर दुसरीचे भजन किंवा भिशी. टीव्हीला हेडफोन लावा. आवाज मोठा ठेवणाऱ्याच्या कानांची तपासणी करा, कारण 'मुद्दाम ऐकत नाही' या तक्रारीत बरेचदा खरा बहिरेपणा दडलेला असतो.

आयुष्यभर विभागलेली कामे इथे उलटीसुलटी करायला हवीत. पत्नीला एटीएम, यूपीआय, विम्याचा फॉर्म आणि पेन्शनची स्लिप समजली पाहिजे. नवऱ्याला वरण-भात, औषधांचा डबा भरणे आणि कपाटात काय कुठे आहे हे आले पाहिजे. महिन्यातून एक आठवडा कामांची अदलाबदल करून पाहा. यात गंमत आहे, आणि उद्याची तयारीही.

एकाला जायचे आहे, दुसऱ्याला नाही. मग?

जाऊ नका. निदान आत्ता नाही. ओढत नेलेला जोडीदार तिथे रमत नाही आणि प्रत्येक गैरसोयीचे खापर दुसऱ्यावर फुटते. नकाराचे नेमके कारण काढा. पुष्कळदा ते शेजार, देवघर, बाग, रोजची भाजीवाली असे ठोस असते, आणि काही गोष्टी सोबत नेता येतात. तरी नकोच असेल तर राहत्या घरात वर सांगितलेले बाथरूमचे बदल करून घ्या. तो खर्च वाया जात नाही.

दोघांपैकी एक अंथरुणाला खिळला तर वसाहत ठेवून घेते का?

हा प्रश्न लेखी विचारा. स्वतंत्र राहणाऱ्यांच्या वसाहतीत 'रहिवासी स्वतःची कामे स्वतः करू शकणारा असावा' असे वाक्य असते. त्याचा अर्थ कोण लावणार, हे महत्त्वाचे. शुश्रूषेचा वेगळा विभाग असेल तर निरोगी जोडीदाराला घर ठेवून दुसऱ्याला तिथे हलवता येते, पण मग दोन्हीकडचा खर्च चालू राहतो. त्या विभागात खाटा किती आणि रांग आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहा.

घरीच आया ठेवायची तर ब्युरोकडून घेताना चार गोष्टी ठरवा: १२ तास की २४, जेवण कोणाचे, महिन्याच्या सुट्ट्या आणि सुट्टीला बदली कोण देणार. बदली न येणे हीच सगळ्यांत मोठी अडचण. त्या दिवशी सत्तर वर्षांची पत्नी ऐंशी किलोच्या नवऱ्याला उचलायला जाते आणि तिचीही कंबर जाते. आजाऱ्याची उशी-कूस बदलणे, डायपर, खाटेवरून खुर्चीत घेणे हे फिजिओथेरपिस्टकडून आया आणि जोडीदार दोघांनी शिकून घ्यावे. एका जागी पडून राहिलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी व्रण होतो.

विस्मरणाचा आजार वेगळा धरा. अशी व्यक्ती रात्री दार उघडून बाहेर जाते. फाटकावर पहारा, हातात नाव-फोनचा बिल्ला आणि दाराला वाजणारी घंटा एवढे लागतेच. बऱ्याच वसाहती या टप्प्यावर घर सोडायला सांगतात. काळजी घेणाऱ्या जोडीदाराने आठवड्यातून दोन अर्धे दिवस सुट्टी घ्यावी. ही चैन नाही. काळजी घेणारा आजारी पडला तर दोघांचीही व्यवस्था कोसळते.

रात्री दोनला छातीत दुखले तर काय होते?

वसाहतीची अँब्युलन्स आहे म्हणजे रात्रीचा ड्रायव्हर आहे असे नव्हे. विचारा: ड्रायव्हर आवारात झोपतो का, नर्स रात्री असते का, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का. सगळ्यात जवळचे कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची सोय) असलेले हॉस्पिटल कोणते, आणि संध्याकाळी सहाच्या रहदारीत तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतात, हे स्वतः रिक्षाने जाऊन मोजा. नकाशावरचे किलोमीटर फसवतात. १०८ची अँब्युलन्स महाराष्ट्रभर मोफत आहे, आणि वसाहतीचा पत्ता तिच्या ड्रायव्हरला सांगता येईल असा एका वाक्यात लिहून फोनपाशी चिकटवा.

मुख्य दाराच्या आतल्या बाजूला एक प्लास्टिकची फाइल अडकवा. दोघांचे वेगळे पान: आजार, सध्याच्या गोळ्या आणि मात्रा, ॲलर्जी, रक्तगट, शेवटचा ईसीजी, विमा पॉलिसीचा क्रमांक, आधारची प्रत, मुलांचे आणि एका स्थानिक नातेवाइकाचे फोन. मुले परदेशात असतील तर हॉस्पिटलमध्ये सही करायला गावातला माणूस लागतो. त्याला आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती पहिल्या ओळीत लाल शाईने लिहा. डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.

आरोग्य विम्याचे काय? या वयात मिळतो का?

मिळतो. नव्या पॉलिसीसाठी ६५ वर्षांची वयोमर्यादा विमा नियामकाने २०२४ मध्ये काढली, आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाचा सल्ला घ्यावा लागतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

दोघांची एकच फ्लोटर (दोघांत एकच विमा रक्कम असलेली) पॉलिसी असेल तर हप्ता मोठ्याच्या वयावर ठरतो आणि एकाच्या मोठ्या आजारात दोघांची रक्कम संपते. वयात पाच-सहा वर्षांचे अंतर असेल तर वेगळ्या पॉलिसींचा भाव काढून पाहा. सत्तरी ओलांडल्यावर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचे ५ लाखांचे कार्ड निघते. ते कुटुंबाला मिळून असते, म्हणजे नवरा-बायको दोघे सत्तरीचे असले तरी दोघांत मिळून पाच लाखच. आधार कार्ड पुरते. वसाहतीजवळची कोणती हॉस्पिटले योजनेत आहेत हे आत्ताच पाहा, गरजेच्या रात्री नव्हे.

जाण्याआधी राहते घर मुलांच्या नावे करून टाकावे का?

मुलांना निवासी घर बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. हे स्वस्त आहे म्हणूनच घाईने केले जाते. करू नका. मृत्युपत्राने तेच साधते आणि जिवंत असेपर्यंत घर तुमचे राहते. करायचेच असेल तर बक्षीसपत्रात 'घेणाऱ्याने आम्हा दोघांच्या मूलभूत गरजा व सोयी पुरवाव्यात' ही अट स्पष्ट लिहा. २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, ती अट मोडली तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अट लिहिलेली नसली तर भांडण लांबते. 'आम्हा दोघांच्या' हे शब्द विसरू नका, केवळ 'माझ्या' लिहिले तर जोडीदार बाहेर राहतो.

मृत्युपत्र एकत्र करावे की वेगळे?

वेगळी दोन. एकत्र केलेल्या मृत्युपत्रात एक गेल्यावर दुसऱ्याला बदल करता येतो का यावर वाद होतात. प्रत्येकाने आपल्या हिश्शाचे लिहावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण (पण सज्ञान) आणि मृत्युपत्रातून काही न मिळणारे निवडावेत. सोबत डॉक्टरांचा 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असा त्याच दिवशीचा दाखला जोडला तर उत्तम. नोंदणी सक्तीची नाही, पण ऐंशीच्या पुढच्यांनी करावी.

कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नीवर) भिस्त ठेवू नका. देणाऱ्याचे मानसिक भान गेले की आपल्या कायद्यात ते संपते, म्हणजे विस्मरणाच्या आजारात नेमकी गरज असताना ते निकामी.

कृत्रिम श्वसनयंत्रावर किती काळ ठेवावे यासंबंधीचे वैद्यकीय इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. निर्णय घेणारा म्हणून जोडीदाराबरोबर मुलांतल्या एकाचेही नाव द्या, कारण त्या क्षणी जोडीदार निर्णय घेण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.

एकटे राहिल्यावर पहिल्या महिन्यात काय करावे लागते?

मृत्यू घरी झाला तर डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आधी, मग अंत्यसंस्कारासाठी महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा पास. नोंदणी २१ दिवसांत करायची. दाखल्यावरचे नाव आधारप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळते का ते तिथेच तपासा, नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. आठ-दहा प्रती एकदम घ्या.

त्यानंतर बँकेला कळवून पेन्शन थांबवा. खात्यात जास्तीची जमा झालेली पेन्शन बँक परत घेते, ती खर्च करून बसू नका. कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज, बचत योजना, विमा, गॅस, वीज ही कामे दोन महिन्यांत विभागून करा. खोली लहान घ्या, मुलाकडे चला, हे सगळे निर्णय वर्षभर पुढे ढकला.

वसाहतीत याच काळात एक गोष्ट चांगली घडते: दुपारचे जेवण एकट्याने करावे लागत नाही. मात्र जोडप्यांच्या टेबलावरून एकट्यांच्या टेबलावर जाणे अवघड जाते. जी मंडळे आधी वेगवेगळी ठेवली होती ती इथे उपयोगी पडतात.

नातवंडे येऊन राहू शकतात का?

येऊ शकतात, मर्यादित दिवस. महिन्यात किती, वर्षात किती, पाहुण्यांच्या खोलीचे भाडे किती आणि मे महिन्यात ती किती आधी अडकवावी लागते, एवढे विचारा.

पत्ता बदलल्यावर कोणती कामे?

आधार, मतदार यादी, बँक, गॅस, विमा. पेन्शनसाठी शाखा बदलण्याची सहसा गरज नसते. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून नोव्हेंबरमध्ये देता येतो, केंद्र सरकारच्या ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासून. दोघांचीही पेन्शन असेल तर दोन दाखले, हे दरवर्षी कुणीतरी विसरते. एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट आहे. आडबाजूच्या वसाहतीतून शहरात यायला ते उपयोगी पडते.

आधी राहून बघता येते का?

येते, आणि पैसे भरून राहावेच. दोन मुक्काम करा: एक जुलैत, एक मेमध्ये. मावळ-लोणावळ्याच्या बाजूला पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, दमा आणि सांधे बोलू लागतात. नेरळच्या बाजूला दमट उन्हाळा असतो. मेमध्ये टँकर दिवसाला किती येतात ते दिसते. निदान दहा दिवस राहा. पहिले तीन-चार दिवस सगळे पाहुणचार करतात. नंतर खऱ्या तक्रारी ऐकू येतात.

आणि नाहीच पटले तर परत कसे यायचे?

सही करण्याआधी बाहेर पडण्याची कलमे वाचा. नोटीस किती दिवसांची, डिपॉझिटमधून काय कापणार, घरात स्वतःच्या खर्चाने केलेले बदल काढून न्यायचे की सोडायचे. 'एका रहिवाशाचा मृत्यू झाल्यास' या कलमात दुसऱ्याला त्याच दराने, त्याच घरात राहण्याचा हक्क लिहिलेला नसेल तर तो हाताने लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. मॅनेजमेंट 'असे आम्ही कधी कुणाला काढत नाही' म्हणेल. ते कदाचित खरेही असेल. तरी लिहून घ्या, कारण दहा वर्षांनी मॅनेजर दुसरा असतो.